विश्रांतीतला खर्च आणि दिवसाची गरज

पासष्ट किलो वजनाचा निरोगी तरुण काहीही न करता नुसता पडून राहिला, तरी चोवीस तासांत त्याचे शरीर सुमारे १,५०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करते. बैठे काम करणाऱ्या अशाच तरुणाची दिवसाची एकूण गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० साली २,११० किलोकॅलरी धरली आहे. म्हणजे उठबस, चालणे, जेवण पचवणे, कचेरीतले काम आणि संध्याकाळचा फेरफटका या सगळ्यांच्या वाट्याला जेमतेम सहाशे उरतात. वजनाविषयीची बहुतेक चर्चा या सहाशेभोवती फिरते. दीड हजारांचा मोठा हिस्सा मात्र गृहीत धरला जातो, आणि त्याविषयीचे समजही पुष्कळदा चुकीचे असतात.

या विश्रांतीतल्या खर्चाला मूलभूत चयापचय म्हणतात. तो कशावर होतो, कसा मोजतात, आणि त्यातून दिवसाच्या गरजेचा आकडा कसा निघतो, हे नीट पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. ‘तुम्हाला रोज इतक्या कॅलरी लागतात’ हे विधान समूहाविषयी खरे असते. एका माणसाच्या बाबतीत तो एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याची रुंदी पोटभर न्याहारीएवढी भरते. हा भेद न केल्यामुळे वजन उतरवू पाहणाऱ्याची फसगत होते. ज्याला पुरेसे मिळतच नाही, त्याच्यावर तर अन्याय होतो.

(बोलण्यात आणि वेष्टनांवर आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी असते. पुढे सर्वत्र तोच अर्थ घ्यावा.)

मोजमाप

शरीराची उष्णता आणि जळत्या कोळशाची उष्णता एकाच जातीच्या प्रक्रियेतून येते, हे रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने प्रयोगाने दाखवले. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये त्याने आणि गणिती लाप्लासने एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले. किती बर्फ वितळले यावरून प्राण्याने सोडलेली उष्णता काढली आणि उच्छ्वासातल्या वायूच्या प्रमाणाशी तिचा ताळा पाहिला. श्वसन हे संथ ज्वलन आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. शंभरेक वर्षांनी जर्मनीत माक्स रुब्नरने कुत्र्यांवर, आणि अमेरिकेत विल्बर ॲटवॉटरने बंद खोलीत दिवसेंदिवस राहणाऱ्या माणसांवर हेच काटेकोरपणे तपासले. खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा आणि शरीरातून बाहेर पडलेली ऊर्जा यांचा मेळ बसला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम माणसाच्या देहालाही लागू आहे, हे तेव्हा पक्के झाले. कर्बोदके आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममागे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, हे आज प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर छापलेले गणित ॲटवॉटरच्याच कामातून आले आहे.

आता उष्णता थेट मोजावी लागत नाही. मिश्र आहार घेणाऱ्या माणसाने एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण ४.८ किलोकॅलरी मोकळ्या होतात, म्हणून श्वासातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड मोजला की काम भागते. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला २१५ मिलिलिटर प्राणवायू घेत असेल, तर दिवसाचे सुमारे ३१० लिटर होतात आणि खर्च निघतो जवळपास १,४९० किलोकॅलरी. सुरुवातीचा दीड हजारांचा आकडा हवेतून आलेला नाही, तो असा निघतो.

या मोजणीच्या अटी कडक असतात. शेवटचे जेवण होऊन किमान बारा तास झालेले असावेत, वेळ सकाळची असावी, माणूस जागा पण निश्चल पडलेला असावा, खोलीत थंडी वा उकाडा जाणवू नये आणि मनावर ताण नसावा. अटी थोड्या सैल केल्या, उदाहरणार्थ दवाखान्यात चालत येऊन अर्धा तास आराम केलेल्या माणसाचे मोजमाप घेतले, तर आकडा काहीसा जास्त येतो आणि त्याला विश्रांतीकालीन चयापचय म्हणतात. दोन्ही संज्ञा सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. घरगुती हिशेबात त्याने फारसे बिघडत नाही, पण दोन वेगळ्या अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करताना मात्र बिघडते. व्यायामशाळांतल्या ज्या वजनकाट्यावर उभे राहिले की ‘चयापचय दर’ छापून येतो, तो काटा श्वास मोजत नाही. पायांतून सूक्ष्म वीजप्रवाह सोडून तो शरीरातल्या चरबीचा अंदाज घेतो आणि पुढचे सगळे सूत्रात आकडे घालून काढतो.

खर्च कुठे होतो

स्वस्थ पडलेल्या शरीरात एवढी ऊर्जा लागते कशाला? पेशींच्या पातळीवर उत्तर असे आहे की जिवंत राहणे हेच अखंड काम आहे. प्रत्येक पेशी सोडियम बाहेर लोटत आणि पोटॅशियम आत ओढत असते. हा पंप थांबला तर चेतातंतूंचा संदेश थांबेल आणि पेशी फुगून फुटेल. एकूण खर्चाचा पाचवा ते चौथा हिस्सा या एका कामाला लागतो. प्रथिने मोडणे आणि नव्याने जुळवणे सतत चालू असते, त्याचा वाटाही जवळपास तेवढाच किंवा थोडा जास्त. शिवाय पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमधून ऊर्जेचा काही भाग उपयोगी कामाशिवाय नुसत्या उष्णतेच्या रूपाने निसटतो. तोही पाचव्या हिश्शाच्या आसपास असावा, असे अंदाज आहेत.

अवयवांकडे पाहिले की चित्र आणखी बोलके होते. मॅरिनोस एलिया यांनी १९९२ साली संकलित केलेल्या आकड्यांनुसार एक किलो हृदय किंवा एक किलो मूत्रपिंड दिवसाला सुमारे ४४० किलोकॅलरी वापरते, एक किलो मेंदू २४० आणि एक किलो यकृत २००. स्वस्थ स्नायूंचा एक किलो मात्र फक्त १३ वापरतो, आणि चरबीचा साडेचार. सत्तर किलोच्या पुरुषात मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडे यांचे एकत्र वजन चार किलोही भरत नाही. तरी विश्रांतीतला जवळपास साठ टक्के खर्च तेवढ्या चार किलोंचा असतो. अठ्ठावीस किलो स्नायूंच्या वाट्याला बावीस टक्के येतात.

या एका तक्त्याने बरेच प्रचलित समज निकाली निघतात. ‘स्नायू वाढवा, झोपेतही चरबी जळेल’ असे व्यायामशाळांत हमखास सांगितले जाते. महिन्यांच्या कष्टाने दोन किलो स्नायू कमावले, तर विश्रांतीतला खर्च दिवसाला सव्वीस किलोकॅलरींनी वाढतो, म्हणजे पाव पोळीएवढा. स्नायूंचे महत्त्व मोठे आहे. रक्तातली साखर तेच सर्वांत जास्त शोषून घेतात, म्हातारपणी पडण्यापासून तेच वाचवतात. मधुमेहाच्या या देशात तेवढे कारण पुरेसे असावे. झोपेत चरबी जाळण्याचे खोटे आमिष त्याला जोडण्याची गरज नाही.

दुसरा समज लठ्ठ माणसांविषयी आहे. त्यांचा चयापचय मंद असतो, असे ते स्वतःही म्हणतात आणि घरचेही म्हणतात. प्रत्यक्ष मोजले तर त्यांचा विश्रांतीतला खर्च त्याच उंचीच्या सडपातळ माणसापेक्षा जास्त निघतो, कारण वाढलेल्या देहाबरोबर अवयवांचे आणि स्नायूंचे वस्तुमानही वाढलेले असते. थायरॉइड मंदावल्याने खर्च उतरतो हे खरे, आणि संप्रेरकाची रक्तचाचणी नव्हती त्या काळात मूलभूत चयापचय मोजूनच थायरॉइडचा आजार ओळखत. पण वाढलेल्या वजनाचा मोठा भाग थायरॉइडने क्वचितच समजावता येतो. तापाचा परिणाम उलट दिशेने होतो. दर एक अंश सेल्सियसमागे खर्च दहा टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, म्हणून आजाऱ्याला उपाशी ठेवण्याची जुनी रीत घातक आहे.

मुलांच्या बाबतीत हिशेब अगदीच वेगळा पडतो. पाचेक वर्षांच्या मुलाचा मेंदू विश्रांतीतल्या एकूण खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग एकटा घेतो. या वयात शरीराची वाढ संथ असते, कारण ऊर्जा मेंदूकडे जात असते. अंगणवाडीतल्या मुलाच्या ताटाकडे पाहताना हे लक्षात ठेवावे.

सूत्रे कोणाच्या देहावरून बनली

श्वास मोजण्याची सोय सर्वत्र नसते, म्हणून सूत्रे आली. सर्वांत प्रसिद्ध सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचे, १९१९चे. अमेरिकेत १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया मोजून वजन, उंची आणि वय यांवरून त्यांनी ते बांधले. १९९० साली मिफ्लिन, सेंट जोर आणि सहकाऱ्यांनी सुमारे पाचशे अमेरिकन प्रौढांवरून नवे सूत्र दिले. आजची बहुतेक ॲप्स तेच वापरतात. वजनाला १० ने आणि सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणून बेरीज करायची, वयाची पाचपट वजा करायची, मग पुरुषासाठी ५ मिळवायचे, स्त्रीसाठी १६१ वजा करायचे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी १९८५ साली जी सूत्रे स्वीकारली, त्यांच्यामागच्या मोजमापांत इटालियन माणसांचा भरणा फार मोठा होता, आणि त्यांचे आकडे इतरांपेक्षा चढे होते.

एक उदाहरण घेऊ. वय ४५, वजन ६० किलो, उंची १५५ सेंटिमीटर अशी एक स्त्री. मिफ्लिनच्या सूत्राने तिचा विश्रांतीतला खर्च येतो १,१८३. हॅरिस-बेनेडिक्टने १,३०५, आणि १९८५च्या आंतरराष्ट्रीय सूत्राने १,३५१. आयसीएमआरने २०१० साली तेच आंतरराष्ट्रीय सूत्र भारतीयांसाठी पाच टक्क्यांनी उतरवले होते, त्याने १,२८६. एकाच बाईची चार उत्तरे, आणि टोकांमध्ये १६८ किलोकॅलरींचे अंतर. यांपैकी कुठलेही उत्तर चुकीचे म्हणता येत नाही, कारण प्रत्येक सूत्र ज्या माणसांवरून बनले त्यांची सरासरी ते प्रामाणिकपणे सांगते. शिवाय सूत्र अगदी योग्य निवडले तरी वय, वजन आणि उंची सारखी असलेल्या दोन माणसांचे प्रत्यक्ष मोजमाप दहा टक्क्यांनी इकडेतिकडे सहज असते.

भारतीयांचा खर्च कमी का भरतो, हा प्रश्न बराच काळ वादाचा होता. उष्ण हवामान, वंश, पिढ्यान् पिढ्यांची उपासमार अशी कारणे मांडली गेली. मला यात सर्वांत पटणारे कारण शरीराच्या घडणीचे वाटते, आणि त्याचा सुंदर दाखला पुण्याचाच आहे. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आत इतके निराळे होते. चरबीचा किलो साडेचार किलोकॅलरी खर्चतो हे वर आलेच आहे. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या, पण जास्त चरबी आणि कमी स्नायू असलेल्या भारतीय देहाचा खर्च युरोपीय सूत्रापेक्षा कमी भरणे स्वाभाविक आहे. चरबी वगळून उरलेल्या वस्तुमानाशी तुलना केली की हा फरक बराचसा विरघळतो.

आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२०च्या शिफारशींत आकडे आणखी खाली आणले. प्रमाण पुरुष ६५ किलोचा, प्रमाण स्त्री ५५ किलोची. बैठ्या, मध्यम आणि जड कामासाठी पुरुषाला अनुक्रमे २,११०, २,७१० आणि ३,४७०, तर स्त्रीला १,६६०, २,१३० आणि २,७२० किलोकॅलरी. हे आकडे १.४, १.८ आणि २.३ या हालचालीच्या गुणकांनी भागून पाहावेत. पुरुषाचे तिन्ही भागाकार १,५०७च्या आसपास येतात, स्त्रीचे १,१८५च्या आसपास. म्हणजे सगळा डोलारा विश्रांतीतल्या खर्चाच्या एका आकड्यावर उभा आहे. त्याच पुरुषासाठी १९८५चे आंतरराष्ट्रीय सूत्र १,६७४ देते, आपल्या आकड्यापेक्षा अकरा टक्के जास्त. परदेशी सूत्रावर चालणारे ॲप आपल्याकडच्या माणसाला किती जास्त खाण्याची मुभा देऊ शकते, हे यावरून कळावे.

विश्रांतीपासून दिवसापर्यंत

विश्रांतीतल्या खर्चात दोन गोष्टी मिळवल्या की दिवस पुरा होतो. पहिली म्हणजे अन्न पचवण्याचा आणि साठवण्याचा खर्च. मिश्र आहारात तो साधारण दहा टक्के असतो. प्रथिनांच्या ऊर्जेपैकी वीस ते तीस टक्के त्यांच्याच पचनात जाते, कर्बोदकांची पाच ते दहा टक्के, तेलातुपाची जेमतेम तीन टक्क्यांपर्यंत. वाटीभर उसळीचे आणि चमचाभर तेलाचे छापील आकडे सारखे असले तरी शरीराच्या हाती पडणारी ऊर्जा सारखी नसते.

दुसरी गोष्ट हालचाल, आणि खरी अनिश्चितता इथे आहे. आपल्या उदाहरणातल्या बाईंसाठी १,२८६ हा आकडा धरून १.४ने गुणले तर १,८०० येतात, १.६ने गुणले तर २,०५८. हा गुणक कोण ठरवते? ॲपमध्ये ‘थोडी हालचाल’ आणि ‘मध्यम हालचाल’ यांतून एक निवडायचे असते आणि माणूस स्वतःविषयी उदार असतो. त्या एका निवडीने पडणारा २५८ किलोकॅलरींचा फरक चार सूत्रांमधल्या फरकापेक्षाही मोठा आहे. मनगटी घड्याळांवरही भिस्त ठेवू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात उपकरणे तपासली, तेव्हा ऊर्जाखर्चाच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते.

व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालीची ताकद जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या प्रयोगात दिसते. सोळा जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज १,००० किलोकॅलरी जास्त खायला घातल्या. एकाच्या अंगावर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चरबी चढली, दुसऱ्याच्या अंगावर चार किलोंहून जास्त. फरक पडला तो नकळत होणाऱ्या चुळबुळीने, उठबशीने, उभे राहण्याने. काहींच्या शरीराने ती रोज सातशे किलोकॅलरींपर्यंत वाढवली आणि काहींची जराही वाढली नाही. ‘तो कितीही खातो, अंगी लागत नाही’ हे आपल्याकडे ज्याच्याविषयी म्हणतात, त्याच्या पोटात काही चमत्कार नसतो. तो फारसा बसून राहत नाही.

वयाविषयी थोडक्यात. चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, अशी ठाम समजूत आहे. २९ देशांतल्या ६,४२१ माणसांच्या मोजमापांचा अभ्यास २०२१ साली ‘सायन्स’मध्ये आला. शरीराचा आकार आणि घडण हिशेबात घेतल्यावर वीस ते साठ या वयात खर्च जवळजवळ स्थिर आढळला, साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरत गेला. सर्वांत जास्त खर्चिक वय पहिल्या वाढदिवसाच्या आसपासचे, प्रौढांच्या दीडपट. चाळिशीत पोट सुटते त्याची कारणे ताटात, खुर्चीत आणि अपुऱ्या झोपेत शोधावी लागतील.

खाणे कमी केले की गरजही हलते

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. त्यावरून आहारतज्ज्ञ सांगतात की रोज ५०० कमी खा, आठवड्याला जवळपास अर्धा किलो उतरेल. पहिले काही आठवडे हे बऱ्यापैकी खरे ठरते. पण याच हिशेबाने वर्षात तेवीस-चोवीस किलो जायला हवेत आणि ते जात नाहीत. देह लहान झाला की त्याचा खर्च कमी होतो, कमी अन्नाला पचनखर्च कमी लागतो, हालचाल नकळत आखडते. यापलीकडे आकारमानाने समजावता येणार नाही अशीही काही घट होते.

या घटीचा सर्वांत सखोल अभ्यास मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली झाला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला सद्सद्विवेकाने नकार देणाऱ्या ३६ तरुणांनी अँसेल कीज यांच्या प्रयोगासाठी स्वतःला स्वाधीन केले. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसे खाऊ घालायचे, हे शोधायचे होते. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न मिळाले. वजन जवळजवळ पाव भागाने घटले आणि मूलभूत चयापचय सुमारे चाळीस टक्क्यांनी. वजनापेक्षा खर्च अधिक वेगाने उतरला. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, कामात आणि माणसांत रस उरला नाही, डोक्यात सतत अन्नच. शरीराने काटकसर केली, पण ती आयुष्याचा आकार लहान करून केली. वजन झपाट्याने उतरवण्याच्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा सरासरी पाचशे किलोकॅलरींनी कमीच होता. तोवर बहुतेकांचे वजन मोठ्या प्रमाणात परतही आले होते.

म्हणून ज्याला स्वतःची गरज जाणून घ्यायची आहे, त्याने सूत्राचा आकडा फक्त सुरुवातीचा म्हणून घ्यावा. मग तीन-चार आठवडे खाणे शक्य तितके सारखे ठेवावे, ते प्रामाणिकपणे लिहून काढावे (तेलासकट, कारण १० ग्रॅम तेल म्हणजे ९० किलोकॅलरी) आणि रोज सकाळच्या वजनाची आठवड्याची सरासरी पाहावी. सरासरी स्थिर असेल, तर जे खातो तीच त्याची गरज. आपल्या विश्रांतीतल्या खर्चाहूनही कमी खाण्याचा मार्ग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणी धरू नये. गर्भवतीला रोज ३५० आणि बाळाला पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६०० किलोकॅलरी अधिक लागतात. त्यांनी वजन उतरवण्याच्या फंदात पडूच नये.

सुखात्मे आणि दांडेकर

या विषयावरचा सर्वांत मोलाचा भारतीय वाद पुण्यात घडला, आणि त्यातले दोन्ही मुख्य पक्षकार मूळचे साताऱ्याकडचे होते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ लिहिले, तेव्हा माणशी रोज २,२५० किलोकॅलरी मिळवून देईल एवढा खर्च ही गरिबीची सीमा धरली. १९७९मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० किलोकॅलरी हे निकष घेतले. पां. वा. सुखात्मे यांनी याला सांख्यिकीच्या बाजूने आव्हान दिले. ते अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे अनेक वर्षे संचालक होते, आणि प्रथिनांची म्हणून सांगितली जाणारी तूट बऱ्याच अंशी उष्मांकांचीच तूट आहे, हे त्यांनी त्यापूर्वी ठामपणे मांडले होते. त्यांचे म्हणणे असे की सरासरी गरज म्हणजे किमान गरज नव्हे. एकाच निरोगी माणसाचे खाणे आणि खर्च आठवड्या-आठवड्याला खालीवर होतात आणि शरीर एका मर्यादेत स्वतःला सावरून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण कुपोषित ठरत नाही. सीमा सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली असावी. ही सीमा मानली की देशातल्या उपाशी माणसांची संख्या एकदम बरीच कमी होते. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या अंकांतून हा वाद रंगला.

सुखात्मे यांच्या मांडणीतला पहिला भाग मला निर्विवाद वाटतो. वरची सगळी चर्चा त्यालाच दुजोरा देते. एका माणसाची गरज हा पट्टा असतो आणि सरासरीचा दंडुका घेऊन कोणा एकाला उपाशी किंवा तृप्त ठरवता येत नाही. स्वच्छ पाणी आणि मलनिस्सारण यांकडे त्यांनी वेधलेले लक्षही तितकेच रास्त होते, कारण जुलाबाने बेजार पोरगे खाल्लेले अंगी लावून घेऊ शकत नाही. सीमा खाली नेण्याचा दुसरा भाग मात्र टिकत नाही. कमी-जास्त होणे निव्वळ यदृच्छेने असते, तर पट्ट्याच्या तळाशी गरीब आणि श्रीमंत सारखेच सापडले असते. प्रत्यक्षात तळाशी वर्षानुवर्षे गरीबच असतात. आणि शरीर सावरून घेते म्हणजे काय करते, हे मिनेसोटाच्या तरुणांनी दाखवले आहे. ते देह लहान ठेवते, हालचाल आखडते, उत्साह काढून घेते. लहान मुलात ते उंची रोखते. या तडजोडीला कमी गरज म्हणणे मला मान्य नाही. सुखात्मे यांच्याविषयी पूर्ण आदर राखून, या मुद्द्यावर दांडेकरांची बाजू बरोबर होती असेच मी म्हणेन.

हा प्रश्न जुना झालेला नाही. ऊसतोड हे कोणत्याही वर्गीकरणात जड कामच, आणि फडातल्या ५५ किलोच्या स्त्रीला आयसीएमआरच्या हिशेबाने रोज २,७२० किलोकॅलरी लागतात. ती बाळाला पाजत असेल तर त्याहून सहाशे जास्त. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दिवसाचे ते १६७ ग्रॅम झाले आणि त्यातून सुमारे ५७५ किलोकॅलरी मिळतात. काम बाजूला ठेवले आणि ती बाई दिवसभर नुसती पडून राहिली असे धरले, तरी हे धान्य तिच्या विश्रांतीतल्या खर्चाच्या निम्म्यालाही पुरत नाही.